ड्रॉइंगच्या सरांचा साबण

सर मैदान कधी तिरकं ओलांडत नसत. कॉलेजच्या फाटकातून ड्रॉइंग हॉलकडं जायला मधून एक पायवाट पडली होती. पोरं, मास्तर, प्राचार्य, कुत्री, सगळे त्या वाटेनं जायचे. सर एकटेच कुंपणाच्या कडेनं सरळ टोकापर्यंत जायचे, तिथं थांबायचे, काटकोनात वळायचे आणि मग हॉलकडं यायचे. पाऊस असला तरी तसंच. मी नोकरीला लागल्यावर आठवड्याभरात त्यांना विचारलं, "सर, मधनं का येत न्हाय?"

"मधून आलं की किती आलो ते नीट मोजता येत नाही," सर म्हणाले.

"पण मोजायचंय कुणाला?"

ते मान हलवून पेन्सिलीला टोक करायला लागले. मी काहीतरी अडाण्यासारखं विचारलं असं त्यांना वाटलं असणार. मी बरोबर विचारलं होतं असं मला अजून वाटतं.

आणीबाणी उठली त्या साली मी तिथं लागले. कॉलेज डिप्लोमाचं. पोरं दहावी होऊन यायची आणि तीन वर्षांनी स्वतःला इंजिनीयर म्हणवून घेत बाहेर पडायची. माझं शिक्षण चौथी. नवरा लवकर गेला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. घरी सासू आणि एक मुलगी. माझं काम ड्रॉइंग हॉल झाडायचा, चाळीस टेबलं पुसायची, पेन्सिलींचा भुगा भरायचा, हॉल उघडायचा आणि लावायचा. नोकरी रोजंदारीची. म्हणजे आज या, उद्याचं उद्या बघू. कायम करा म्हणून मी दरवर्षी हेडक्लार्ककडं जायची आणि तो दरवर्षी म्हणायचा, "मावशी, शिपायाची पोस्ट न्हाय." मी तेव्हा तिशीचीही नव्हते, पण हातात झाडू आला की बाई मावशी होते. हॉल होता म्हणून तिघींच्या पोटात अन्न होतं. सरांचं खूळ मी त्यापायी सोसलं, त्यांच्यावरच्या मायेनं नाही.

सर उंच होते आणि उभे राहिले की भिंतीला टेकवून ठेवलेल्या फळीसारखे दिसायचे. सदऱ्याच्या खिशात तीन पेन्सिली, एक कानावर. सायकलवर बसले की टी-स्क्वेअर खांद्यावर आडवा. टी-स्क्वेअर म्हणजे पुढं आडवी दांडी लावलेली लांब लाकडी पट्टी, तिच्यावर पेन्सिल धरून सरळ रेघ मारतात. राजारामपुरीच्या एका चौकात त्या पट्टीनं एका भाजीवालीच्या डोक्यावरची पाटी उडवली. सर उतरले, खिशातून खडू काढला आणि रस्त्यावर आकृती काढून भाजीवालीला दाखवून दिलं की ती जिथं उभी होती तिथं ती असायला नको होती. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग एक वांगं फेकून मारलं. ते खांद्याला लागलं. सर दुसऱ्या दिवशी हॉलवर येऊन म्हणाले, "नेम चांगला होता."

ते राहायचेही राजारामपुरीतच. तिथल्या गल्ल्या सरळ आहेत म्हणून. "कोल्हापुरात एवढाच भाग शहाण्या माणसानं आखलाय," असं ते म्हणायचे. आमचं घर जुन्या पेठेत, बोळाच्या आत बोळ. एकदा मी तापानं चार दिवस आले नाही तेव्हा हॉलची किल्ली न्यायला ते निघाले. दुसऱ्या वळणावर बोळ वाकडा होतो. तिथं ते थांबले आणि परत फिरले. वळणावरच्या एका काकूंकडं निरोप ठेवून गेले: 'मावशी, तुमची गल्ली दुरुस्त करून घ्या.' किल्ली राहिली ती राहिलीच. पोरांना चारही दिवस सुट्टी मिळाली.

नव्या पोरांना पहिले पंधरा दिवस ते फक्त पेन्सिलीला टोक करायला लावायचे आणि पुढचे पंधरा दिवस फक्त रेघ मारायला. "रेघ कुठं सुरू होते आणि कुठं संपते हे ज्याला माहीत नाही त्यानं रेघ मारू नये," असं सांगायचे. हेच त्यांनी एकदा स्नेहसंमेलनात प्राचार्यांच्या भाषणाबद्दल सांगितलं. प्राचार्य पहिल्या रांगेत होते. तेव्हापासून त्या दोघांचं जमत नव्हतं.

आता साबणाचं सांगते.

मी लागले त्या पहिल्याच महिन्यात एका पोरानं लोखंडी भागाचं चित्र काढून आणलं. सर म्हणाले, "हे बनवणार कोण?"

"कारखान्यातला कारागीर."

"त्याला कळेल?"

"कळंल की, सर."

"मावशी, इकडे या. हे काय आहे?"

मी फडकं खांद्यावर टाकून गेले. बघितलं. "पोळपाट हाय," मी म्हणाले.

हॉलभर पोरं हसली. सर हसले नाहीत. त्यांनी कागदावर शून्य दिलं. पोरगा म्हणाला, "सर, त्यांना काय कळतंय ह्यातलं?" सर म्हणाले, "ज्याच्या हातात कागद दिला त्याला पोळपाट दिसला, तर कागदावर पोळपाटच आहे. तू बरोबर जाऊन समजावून सांगणार आहेस का?"

त्या दिवशी त्यांनी ठरवलं की कागद मी तपासायचा. पण नुसतं बघून नाही. पोरानं चित्राबरोबर कपडे धुवायच्या साबणाची एक वडी आणायची. मी कागद वाचायचा आणि त्यात दाखवलेली वस्तू साबणातून कोरायची. वस्तू बरोबर झाली तर कागद पास. झाली नाही तर पोरगा नापास. मी काही विचारायचं नाही आणि पोरानं काही बोलायचं नाही.

आधी मला शिकवणं आलं. सरांनी हॉलमधला पाण्याचा तांब्या टेबलावर ठेवला. "समोरून बघा. आता बाजूनं. आता वरून. वरून काय दिसतं?"

"आत मेलेली माशी हाय."

"माशी सोडा. आकार."

"गोलात गोल."

"शाबास. आता वरून दिसतं ते कागदावर खाली काढायचं. डावीकडून दिसतं ते उजवीकडं काढायचं."

"उलटं का?"

"देशभर तसं ठरलंय."

"मला कुणी इचारलं न्हाय," मी म्हणाले. पण शिकले. कठीण नव्हतं. घरात सासूचं बोलणं उलटं धरलं की अर्थ लागायचा, त्यातलाच प्रकार.

तुटक रेघेला मात्र वेळ लागला. सर म्हणाले, "मावशी, दाराआड तुमची सासू बसलीय. दिसत नाही, पण आहे. जे आहे पण दिसत नाही, ते तुटक रेघेनं दाखवायचं."

"माझी सासू दिसली न्हाय तरी ऐकू येती. त्याला कसली रेघ?"

सर विचारात पडले. त्या दिवशी पुढं काही शिकवलं नाही. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या म्हणाले, "मी बघितलं. ऐकू येण्याची सोय ड्रॉइंगमध्ये नाही." रात्रभर त्यांनी पुस्तकं चाळली असणार.

तीन महिन्यांत मला कुठलाही कागद वाचता यायला लागला. भाजी चिरायची सुरी, पोरांची फूटपट्टी आणि भोकं पाडायला केसातला आकडा, एवढी माझी हत्यारं. पुढची अकरा वर्षं मी घरात साबण विकत आणला नाही. आमच्या न्हाणीत साबणाच्या कप्प्या, साबणाचे खोबण पाडलेले ठोकळे, साबणाची बेअरिंगं रांगेनं ठेवलेली असायची. सासू धुणं धुताना ओरडायची, "अगं, ह्याला दोन कान कशाला? हातात बसंना मेलं." शेजारच्या बायकांना वाटायचं की मी करणी शिकतेय. एकीनं तर विचारलंही, की हे कुणाच्या उंबऱ्यात पुरायचं असतंय.

पोरं मला घाबरायला लागली. एकानं कपड्याच्या वडीऐवजी चंदनाचा अंगाचा साबण आणला. सरांनी हुंगला आणि म्हणाले, "वासाला मार्क नाहीत." पन्हाळ्याकडचं एक पोरगं हॉलच्या दारात गाठून म्हणालं, "मावशे, रेघंकडं बघू नगंस, जरा माझ्याकडं बघ की."

"तुझ्याकडं बघितलं म्हणून तर एवढ्या सावकाश वाचलं," मी म्हणाले. "तरी न्हाय जमलं. भोक कुठनं पाडायचं ते तूच इसरलायस." भोक खरंच दाखवलेलं नव्हतं. मी भोक पाडलं नाही. तो नापास झाला. पुढं तो मोठा ठेकेदार झाला असं ऐकलं. त्यानं बांधलेल्या इमारतीत मी जात नाही.

सरांचं लग्न झालं नव्हतं, आणि का झालं नव्हतं हे मला माहीत आहे, कारण शेवटच्या वेळी मी तिथं होते. त्यांची थोरली बहीण होती, तिला सगळे आक्का म्हणायचे. आजऱ्याची एक मुलगी सांगून आली होती, वडिलांचा काजूचा धंदा. आक्कांचे गुडघे धरले होते, त्यांना एसटी चढवेना. त्यांनी मला बोलावलं. म्हणाल्या, "तू जा त्याच्याबरोबर. त्याला तोंड उघडू देऊ नको."

ते काही जमलं नाही. पोहे झाले, मुलगी येऊन बसली. चाळिशीच्या माणसाला सांगून आलेली म्हणून मला वाटलं मुलीत काहीतरी खोट असेल. काही खोट नव्हती, चांगली ठसठशीत होती. सर दोन मिनिटं बघून म्हणाले, "बरं. आता जरा बाजूनं."

मुलगी बाजूनं वळून बसली. मी म्हणाले, "सर, पोहे खावा." सर वर आढ्याकडं बघत होते. मग मुलीच्या वडिलांना म्हणाले, "माळ्याला शिडी आहे का?"

"हाय की. का वो, पावणं?"

"वरून बघायचं राहिलं."

आत बांगड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला. मग मुलगीच म्हणाली, "मग आधी मला जाऊ द्या वर. तुमचं टक्कल किती हाय ते मला बी बघायचंय."

सरांनी विचार केला. "रास्त आहे," म्हणाले आणि मान खाली घालून डोकं तिच्या पुढं धरलं. मुलगी हसली. वडील हसले नाहीत. आम्हाला दारापर्यंतही कुणी सोडायला आलं नाही, आणि काजू तर बघायलाही मिळाले नाहीत. मी आदल्या दिवशीपासून काजूच्या आशेवर होते. परतीच्या एसटीत सर म्हणाले, "मुलगी हुशार होती. तत्त्वाला तिची हरकत नव्हती, फक्त क्रम बदलून हवा होता."

"सर," मी म्हणाले, "आक्कांना मी सांगणार न्हाय. तुम्हीच सांगा." त्यांनी सांगितलं नाही. कागदावर घराचा नकाशा काढून दाखवला, कोण कुठं बसलं होतं, शिडी कुठं होती ते सगळं. आक्कांनी तो कागद बघितला आणि परत मुली बघायचं नाव काढलं नाही.

असं चाललं होतं. मग कॉम्प्युटर आला.

हॉलच्या शेजारची खोली त्यासाठी रिकामी केली. तिला एसी लावला, पडदे लावले, आत गालिचा टाकला. देवळात काढतात तशा चपला दाराबाहेर काढायच्या. प्राचार्यांनी पूजा केली, पण नारळ बाहेर अंगणात फोडला, पाणी उडून यंत्र बिघडेल म्हणून. यंत्राबरोबर पुण्याहून एक तरणा मास्तर आला. त्याला सगळे धाकटे सर म्हणायला लागले. मुलगा बरा होता. मला अहो-जाहो करायचा.

सरांनी चपला काढल्या, भिंतीला समांतर ठेवल्या आणि आत गेले. धाकट्या सरांनी पडद्यावर रेघ मारून दाखवली.

"खोडायचं कसं?" सरांनी विचारलं.

"बटण दाबलं की जातं."

"खूण राहत नाही?"

"काहीच नाही राहत, सर."

"मग पोरगा कुठं चुकला होता ते मला कसं कळणार?"

"नाही कळणार."

"त्याला तरी कसं कळणार?" सर म्हणाले आणि चपला घालून बाहेर आले.

प्राचार्यांना आयतीच संधी मिळाली. त्यांनी जाहीर केलं की पुढच्या जूनपासून सगळं ड्रॉइंग कॉम्प्युटरवर. हॉल मोडायचा, टेबलं विकायची, त्या जागी आणखी यंत्रं बसवायची. हेडक्लार्क मला म्हणाला, "मावशी, हॉल न्हाय म्हटल्यावर तुमचं बी मेपर्यंतच." अकरा वर्षांनी हे. सासूचे डोळे गेले होते आणि मुलगी नववीत होती.

सर गप्प बसणारे नव्हते. संस्थेचे चेअरमन यंत्र बघायला आले तेव्हा ते त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. चेअरमन म्हणजे पांढरी टोपी, जाड मिशा, स्वतःची फौंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना. सर म्हणाले, "या यंत्राचा कागद मावशींना द्या. त्यांना त्यावरून वस्तू करता आली तर हॉल मोडा. आली नाही तर हॉल राहील."

प्राचार्य म्हणाले, "एका झाडूवालीवर कॉलेज चालवायचं का?"

चेअरमन मात्र खुलले. "चालवा की. आमच्या फौंड्रीत दुसरं काय चालतंय? मोल्डरला कळलं तर कागद खरा, न्हायतर बिडी पेटवायला. बुधवारी येतो मी."

बुधवारी सगळे हॉलमध्ये जमले. पलीकडच्या खोलीत यंत्रानं कागद काढला. चिमट्यात पेन धरून ते यंत्र कोंबडीनं दाणे टिपावेत तसं इकडून तिकडं टिपत होतं. धाकट्या सरांनी कागद आणून माझ्यापुढं ठेवला, आणि साबणाची वडी. वडी त्यांनी दोनदा उचलून परत ठेवली. नवीन माणूस, त्याचीही नोकरी.

मी कागद बघितला. दांडा धरायचं ब्रॅकेट होतं. खाली बैठक, वर गोल, उजव्या बाजूला कानासारखा बाहेर आलेला एक तुकडा, त्याला कानच म्हणतात, आणि कानात भोक. मला राग आला. अकरा वर्षांत इतका स्वच्छ कागद माझ्या हातात आला नव्हता. एक रेघ कमी नाही, एक जास्त नाही. सरांचा स्वतःचा कागदसुद्धा इतका स्वच्छ नसायचा, त्यावर कुठंतरी कोपराचा डाग असायचाच. हे ब्रॅकेट मी डोळे झाकून कोरलं असतं. आणि कोरलं की मे महिन्यात घरी.

मी सुरी घेतली आणि ठरवलं. कान डाव्या बाजूला काढायचा. सगळं ब्रॅकेट उलटं, मापं तीच. कुणी विचारलं तर म्हणायचं, मला कागदावरनं तसं दिसलं. सरांनीच तर सांगितलंय, ज्याच्या हातात कागद दिला त्याला जे दिसेल तेच कागदावर आहे.

पाऊण तास लागला. चेअरमननी मधे दोनदा चहा घेतला. मी ब्रॅकेट पुसून सरांच्या हातात दिलं.

सरांनी समोरून बघितलं. बाजूनं बघितलं. वरून बघितलं. मग म्हणाले, "कान डावीकडं आलाय."

"मला तसंच दिसलं," मी म्हणाले.

धाकट्या सरांचा चेहरा उतरला. प्राचार्य खुर्चीत मागं सरले. चेअरमन म्हणाले, "म्हंजे कागदातच गोम हाय म्हणायची." हेडक्लार्कनं माझ्याकडं बघून मान हलवली. झालं होतं. हॉल राहिला होता.

सरांनी खिशातून पट्टी काढली. मी म्हणाले, "सर, पट्टी ठेवा आता. चहा घ्या."

ते मोजायला लागले. "कानाची जाडी आठ. बरोबर. भोक कडेपासून बारा. बरोबर. कोपऱ्याची गोलाई तीन. बरोबर." मग त्यांनी ब्रॅकेट खाली ठेवलं. "ज्याला कागद कळला नाही तो इतका नेमका चुकत नाही. त्याचा कान डावीकडं येईल, पण भोक कुठंतरी पडेल. मावशींनी हे मुद्दाम केलंय. कागद चोख आहे. कागदाला दहापैकी दहा. मावशींना शून्य."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. हॉल त्यांचा, टेबलं त्यांची, पैज त्यांची, आणि जिंकलेली पैज हा माणूस पट्टी लावून हरत होता.

"सर," मी म्हणाले, "तुम्हाला अक्कल हाय का?"

"कागद बरोबर होता, मावशी."

"कागदाच्या घरी आंधळी सासू हाय का? कागदाला पोरीची फी भरायची हाय का? अकरा वर्षं तुमचे साबण कोरले. एक दिवस माझ्यासाठी चुकले तर तेवढं बी तुमच्यानं बघवलं न्हाय."

सर म्हणाले, "चुकीचं होतं म्हणून सांगितलं." एवढंच. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्यांनी शब्द फिरवला नाही.

चेअरमन हसायला लागले. ते इतके हसले की टोपी काढून त्यांनी डोळे पुसले. मग साबणाचं ब्रॅकेट हातात घेऊन फिरवून बघितलं. "बाई, शिकलाय किती?"

"चौथी."

"आणि हे आरशात दिसावं तसं सगळंच्या सगळं उलटं केलं, ते कागदावर न लिहिता? डोक्यातल्या डोक्यात?"

"उलटं करायला काय लागतंय," मी म्हणाले. "सुलटं करायला अक्कल लागती."

चेअरमन प्राचार्यांकडं वळले. "माझ्याकडं चार इंजिनीयर हायत, चौघांना हे जमणार न्हाय. ही बाई घालवायची न्हाय. यंत्राचे कागद हिच्याकडनंच तपासा."

"साहेब, पण पोस्टच नाही," प्राचार्य म्हणाले.

"कुठलीच न्हाय?"

हेडक्लार्क फाईल घेऊन आला. पानं उलटली, परत उलटली. "शिपायाची न्हाय, साहेब. एक मंजूर पोस्ट कॉलेज निघाल्यापासून रिकामी हाय. पण ती माळ्याची."

"मग भरा की."

"बागच न्हाय, साहेब."

"मग बाग करा," चेअरमन म्हणाले, आणि साबणाचं ब्रॅकेट खिशात घालून निघून गेले.

सरांमुळं माझी नोकरी कायम झाली असं तिथले लोक अजून सांगतात. सरांनी मला शून्य दिलं. नोकरी हेडक्लार्कच्या फाईलीत अकरा वर्षं पडून होती आणि त्याला ती कुणी विचारली नव्हती, कारण मी शिपायाची मागत होते. तरीही सरांवरचा माझा राग महिनाभर टिकला, त्याच्या पुढं नाही. हॉल गेला तो त्यांचाच गेला. टेबलं टेंपोत चढवली त्या दिवशी ते फाटकाशी उभं राहून टेंपोवाल्याला टेबलं काटकोनात कशी लावायची ते सांगत होते, आणि टेंपोवाला "व्हय पावणं, व्हय पावणं" म्हणत त्याला हवी तशी टाकत होता.

जूनमध्ये ते कॉम्प्युटरच्या खोलीत पोरांच्या रांगेत शिकायला येऊन बसले. पन्नाशी उलटलेला माणूस, वही घेऊन. धाकटे सर त्यांना सर म्हणायचे आणि ते धाकट्या सरांना सर म्हणायचे, त्यामुळं कोण कुणाला विचारतंय ते पोरांना कळायचं नाही. पडद्यावरचा बाण हलवायची डबी त्यांना जमेना, कारण ते ती तिरकी सरकवत नसत. आधी सरळ आडवी, मग सरळ उभी. पोरांची अख्खी आकृती व्हायची तेव्हा सर पहिल्या रेघेच्या टोकाशी पोचलेले असायचे. पहिल्या सत्रात ते नापास झाले. त्यांनी फेरतपासणी मागितली नाही. दुसऱ्या सत्रात पास झाले, पस्तीस मार्कांनी.

मी त्याच एसी खोलीत कोपऱ्यात साबण आणि सुरी घेऊन बसायची. पगार माळ्याचा. वरून तपासणीला कुणी आलं की हेडक्लार्क धावत येऊन सांगायचा, "मावशी, बाहेर," आणि मी बाहेर जाऊन हातात पाण्याचा पाईप धरून उभी राहायची. निदान काहीतरी हिरवं दिसावं म्हणून मैदानाच्या कडेला मी कढीपत्त्याची चार रोपं लावली. कामाला येणारं झाड. चारातलं एक उन्हाकडं कलून वाढायला लागलं. सर रोज संध्याकाळी जाताना त्याच्याशेजारी काठी रोवून सुतळीनं ते सरळ बांधायचे, ओळंबा लावून. मी रोज सकाळी येऊन सुतळी सोडायची. तीन वर्षं हे चाललं. शेवटी ते मला म्हणाले, "मावशी, तुम्ही का सोडता ते कळेल का?"

"माळी मी हाय," मी म्हणाले.